रोजच्या मोतादीचा इतिहास

जो आपल्या घरी आपल्या भुकेने जेवतो त्याला आपण दिवसाकाठी किती खावे याचे मोजमाप करण्याची गरज सहसा पडत नाही. ती निकड उत्पन्न होते दुसऱ्याचे पोट ज्याच्या हवाली असते त्याला, म्हणजे फौजेच्या सरदाराला, तुरुंगाच्या दरोग्याला, जहाजाच्या कप्तानाला आणि दुष्काळी कामावरच्या कारकुनाला. जुन्या दफ्तरांत घोड्यांची चंदी, हत्तींची मोताद आणि चाकरमाणसांचा शिधा यांचे शेर-पायल्यांत मांडलेले आकडे सापडतात ते याच निकडीपोटी. आज औषधाच्या बाटलीवर आणि न्याहारीच्या खोक्यावर ‘रोजच्या गरजेच्या इतके टक्के’ असे जे छापलेले असते, आणि जे वाचून एखादा सुशिक्षित गृहस्थ आपल्या प्रकृतीविषयी निष्कारण निश्चिंत किंवा निष्कारण चिंतातुर होतो, त्या आकड्याची वंशावळ शोधू लागले तर ती प्रयोगशाळेपाशी न थांबता थेट कोठारापर्यंत जाऊन पोहोचते. आणि कोठाराचा हा वारसा ध्यानात न घेता तो आकडा वाचणाऱ्याच्या हातून त्याचा अर्थ हमखास निसटतो, असे माझे मत आहे.

दख्खनच्या माणसाला या बाबतीत १८७७ सालाची आठवण सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १८७६ ते ७८ च्या त्या भयंकर दुष्काळात हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यास मद्रास व मुंबई इलाख्यांतील खर्चावर नजर ठेवण्यासाठी रवाना केले. त्यापूर्वी बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याबद्दल या गृहस्थास पुष्कळ बोल ऐकून घ्यावे लागले होते, आणि या खेपेस तो ठपका धुऊन काढण्याचा त्याचा निर्धार असावा असे त्याच्या वर्तनावरून दिसते. कारण दुष्काळी कामावरील धडधाकट मजुरास दररोज एक पौंड धान्य, म्हणजे पक्क्या अर्ध्या शेराहूनही किंचित कमी, आणि वर किरकोळ रोकड एवढे पुरावे, निदान पुरते की नाही हे करून पाहावे, अशी तजवीज त्याने मंजूर करून घेतली. खडी फोडणाऱ्या माणसावर असा प्रयोग करून पाहण्याची कल्पना ज्याच्या मनात येते त्याचे स्वतःचे ताट भरलेले असते, हे निराळे सांगावयास नको. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या तजविजीला कसून विरोध केला. श्रम करणाऱ्या देहास एवढे धान्य अपुरे आहे एवढेच म्हणून ते थांबले नाहीत, तर नुसते धान्य म्हणजे आहार नव्हे, त्यास डाळ आणि भाजीपाला यांची जोड हवी, हाही मुद्दा त्यांनी लावून धरला. मुंबई इलाख्यात मजुरांनी लेखणीऐवजी पायांनी उत्तर दिले: हजारोंच्या संख्येने ते कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी प्रभृतींच्या पुढाकाराने, त्यांची बाजू सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज करून मांडली. मद्रासेत काही महिन्यांतच प्रमाण वाढवावे लागले. जीवनसत्त्व नावाची वस्तू जगाला ठाऊक होण्याच्या पस्तीस वर्षे आधीचा हा झगडा आहे. परंतु पुढील सर्व तक्त्यांत जे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतात, की किमान कशाला म्हणावे आणि ते ठरवणार कोण, ते दोन्ही येथे उघडेवाघडे दिसतात.

दुसरे कोठार तुरुंगाचे. डच अमलाखालील जावा बेटात बेरीबेरीने माणसे पांगळी होत, हातापायांवर सूज येऊन दगावत. बटाव्हियाच्या लष्करी इस्पितळाच्या आवारातील कोंबड्यांना सडीक तांदळाचा भात खाऊ घातल्यावर तशाच स्वरूपाचा विकार होतो, हे क्रिस्तियान आइकमन याने पाहिले होते, आणि माणसांच्या बाबतीतही हे खरे ठरते काय याचा छडा लावण्यासाठी आडोल्फ व्होर्डरमन या वैद्यकीय निरीक्षकाने बेटावरील १०१ तुरुंगांची झडती घेतली. सडीक तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ मागे एकास बेरीबेरी, तर कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत सुमारे १०,००० मागे एकास, असा त्याच्या पाहणीचा निष्कर्ष निघाला. तुरुंगात सर्वांचे ताट सारखे आणि कोणास बाहेरून काही मिळण्याचा संभव थोडा, म्हणूनच हे शास्त्र तेथे सिद्ध झाले. कैद्याची विवशता ही शास्त्रज्ञाची सोय ठरली. पुढे १९१२ साली कासिमिर फुंक याने या अज्ञात द्रव्यांना सामुदायिक नाव दिले, आणि मग अ, ब, क, ड अशा अक्षरांनी ती ओळखली जाऊ लागली, हा भाग शाळेच्या पुस्तकातही येत असल्यामुळे येथे विस्ताराने सांगत नाही.

तिसऱ्या कोठाराची हकीकत मात्र विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंड याच्या हुकमतीखालील सहावी, म्हणजे पुणे, डिव्हिजन मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कुट गावी डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. वेढ्यातील गोऱ्या शिपायांस पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस मिळे, तर हिंदी शिपायांस कोंड्यासह दळलेला आटा मिळे आणि घोड्याचे मांस त्यांतील बहुतेकांनी धर्मबुद्धीने दीर्घकाळ नाकारले. परिणाम असा झाला की एकाच तटबंदीत, एकाच शत्रूच्या तोफांखाली, गोऱ्यांना बेरीबेरीने गाठले आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीने. हिरड्या सुजून रक्त येणे, सांधे धरणे, जुन्या जखमा उकलणे ही त्या दुसऱ्या रोगाची लक्षणे होत. पुढे पांढरे पीठ संपत आल्यामुळे नाइलाजाने गोऱ्यांच्या पावात जवाचे व आट्याचे मिश्रण होऊ लागले तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. कोणत्याही विद्यापीठात मांडता आला नसता असा हा प्रयोग शत्रूने, दैवाने आणि कोठीखात्याने मिळून घडवून आणला.

मेसोपोटेमियातील हिंदी फौजेच्या स्कर्व्हीवर उपाय शोधण्याचे काम लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी अंगावर घेतले. पुरुष रणांगणावर गेल्यामुळे प्रयोगशाळा बऱ्याच अंशी स्त्रियांच्या हाती आल्या होत्या, आणि या शास्त्राचे त्यात कल्याणच झाले असे म्हटले पाहिजे. गिनीपिग या प्राण्यावर प्रयोग करून त्यांनी दाखवून दिले की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीनिवारक गुण जवळजवळ नसतो. परंतु तेच कडधान्य दिवसभर पाण्यात भिजवून, नंतर एकदोन दिवस ओलसर ठेवून मोड आणले, की तो गुण त्यात उत्पन्न होतो, आणि फार वेळ न शिजवता खाल्ले तर टिकतोही. ताजी फळे-भाजी जेथे पोहोचत नाही तेथे फौजेला मोड आलेली डाळ व वाटाणे द्यावेत, अशी शिफारस त्यांनी केली. आमच्या घरातील आजीबाईने मटकी रात्री भिजत घालून, सकाळी उपसून, फडक्यात घट्ट बांधून खुंटीला अडकवून ठेवलेली गाठोडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या शिफारशीचे हसू येणे स्वाभाविक आहे. तरीही मी ते हसू आवरीन. मोडाच्या उसळीला चव येते हे आजीबाईला ठाऊक होते, पण रोज किती उसळ खाल्ल्याने हिरड्या सुजणार नाहीत हे सांगण्याची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती, आणि चिकबाईंच्यासमोर प्रश्न होता तो नेमका तेवढाच, कारण गलबतात किती पोती चढवायची हे त्या उत्तरावर अवलंबून होते.

किती, हे सांगायचे तर माप हवे. आणि जी वस्तू अद्याप कोणी वेगळी काढून पाहिलेली नाही तिचे माप कसे करावे? १९३१ साली लंडनमध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेने यावर काढलेली तोड आज वाचताना मौज वाटते. क जीवनसत्त्वाचे एक एकक म्हणजे ताज्या लिंबाच्या रसाचा एक घनसेंटिमीटरचा दहावा भाग. ब१ चे एक एकक म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या अर्कातून आम्लयुक्त मातीवर शोषून घेतलेल्या, जावात तयार केलेल्या, एका विशिष्ट चूर्णाचे दहा मिलिग्रॅम. शेर आणि पायली यांची प्रमाणभूत मापे जशी कचेरीत ठेवलेली असत तशी ही चूर्णे प्रमाण म्हणून जपून ठेवण्यात येत आणि देशोदेशींच्या प्रयोगशाळांना त्यांतून वाटणी होई. क जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आल्यावर १९३४ साली लिंबाच्या रसाला रजा मिळाली आणि ०.०५ मिलिग्रॅम हे एकक ठरले. आजही ड जीवनसत्त्वाच्या गोळीवर ‘आंतरराष्ट्रीय एकके’ छापलेली असतात, ती या परिषदांची स्मृती होय.

हिंदुस्थानात या विद्येचे पीठ निलगिरीवर कुन्नूर येथे स्थापन झाले. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टराने तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत बेरीबेरीची चौकशी आरंभली, आणि तिचेच पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेत रूपांतर झाले. मॅककॅरिसनचा एक प्रयोग आपल्याकडील लोकांना फार आवडत असे: उंदरांचे गट करून त्याने एकेका गटास शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी लोकांचा नित्याचा आहार खाऊ घातला, व काही काळाने त्यांची वजने केली. शीख आहाराचे उंदीर सर्वांत भारी भरले, त्याखालोखाल पठाणी, मग मराठा. मद्रासी आहाराचे उंदीर शेवटी राहिले. तिसरा क्रमांक ऐकून आपली छाती फुगण्याचे कारण नाही. गव्हाची पोळी, दूध, डाळ, पालेभाजी असा जो ‘शीख आहार’ उंदरांना मिळाला तो पंजाबातल्या किती शिखांना मिळत होता, आणि ‘मराठा आहार’ नेमका कोणत्या मराठ्याच्या ताटातला, हा प्रश्न उंदरांना विचारून सुटणारा नव्हता.

त्याच्यानंतर १९३५ साली कुन्नूरला आलेले वॉलेस अ‍ॅक्रॉइड हे राष्ट्रसंघाच्या आरोग्यविभागातून आलेले, आणि म्हणून प्रयोगशाळेइतकेच बाजारभावाकडेही पाहणारे गृहस्थ होते. १९३७ साली त्यांनी ‘हेल्थ बुलेटिन नंबर २३’ या रुक्ष नावाने हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे जे पुस्तक काढले त्यात दिवसाला आठ औंस दूध असलेला समतोल आहार सुचवला होता. तो सामान्य रयतेच्या कमाईत बसत नाही याचीही त्यांना पुरती जाणीव होती. १९४४ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या सल्लागार समितीने हिंदी लोकांसाठी पोषणाच्या शिफारशी तयार केल्या, आणि त्याच सुमारास अ‍ॅक्रॉइड बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड कमिशनवर सदस्य म्हणून बसले. एकीकडे दुधाचे औंस आणि दुसरीकडे कलकत्त्याच्या रस्त्यांवर पेजेसाठी टाहो फोडून मेलेल्या माणसांची मोजदाद, असा तो काळ होता.

शिफारशींचा जो साचा आज जगभर रूढ आहे तो मात्र अमेरिकेत, तोही युद्धाच्याच छायेत, घडला. फौजभरतीस आलेले पुष्कळ तरुण निकृष्ट पोषणामुळे नालायक ठरतात या चिंतेने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मे १९४१ मध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरवली, आणि लिडिया रॉबर्ट्स यांच्या समितीने तीत पहिला तक्ता मांडला. उष्मांक, प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि सहा जीवनसत्त्वे. प्रौढ पुरुषास क जीवनसत्त्व ७५ मिलिग्रॅम, अ जीवनसत्त्व ५,००० एकके. समितीने अनेक तज्ज्ञांना पत्रे घालून त्यांची मते मागवली होती. ती एकमेकांशी जुळणे शक्यच नव्हते, तेव्हा त्यांतून मध्य काढून वर सुरक्षिततेखातर काही अंश वाढवण्यात आला. पंगत मोठी असली म्हणजे शहाणा यजमान जसा सामान्य जेवणाऱ्याच्या भुकेवर हिशेब न बांधता खंदा जेवणाराही उपाशी उठू नये अशा अदमासाने शिजवतो, तसाच हा प्रकार आहे. आणि या तक्त्याचे सारे रहस्य या वाढाव्यात आहे. कालांतराने त्याला संख्याशास्त्राचे रूप आले: लोकांच्या गरजांची सरासरी काढावी, माणसामाणसातील तफावत अजमावून तिच्या दुपटीने ती वाढवावी, म्हणजे शंभरातील सुमारे ९७ जणांची गरज भागते. याचा उलट अर्थ असा की त्यांपैकी बहुतेकांना तेवढे लागतच नाही. तक्त्यातील आकड्याहून आपण थोडे कमी खाल्ले म्हणून आपल्या अंगी उणीव आहे असे मानणारा गृहस्थ पंगतीच्या अदमासाला स्वतःची भूक समजतो.

हा वाढावा किती ठेवायचा हे शास्त्र सांगत नाही, सरकार सांगते, याची प्रचीती इंग्लंडात येते. दुसऱ्या महायुद्धात शेफील्ड येथे, युद्धात हत्यार धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेल्या वीस व्यक्तींनी आपले देह प्रयोगासाठी स्वाधीन केले. हान्स क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली १९४४ पासून त्यांतील दहा जणांना क जीवनसत्त्वाशिवायचा आहार, सात जणांना दररोज १० मिलिग्रॅम आणि तिघांना ७० मिलिग्रॅम देण्यात आले. पहिले काही महिने कोणास काहीच झाले नाही. मग त्या दहांच्या केसांच्या मुळाशी बारीक गाठी उठू लागल्या, हिरड्या सुजल्या, मुद्दाम केलेल्या जखमा भरून येईनात. दहा मिलिग्रॅमवाल्यांना मात्र काही झाले नाही, आणि रोग जडलेल्यांना दररोज दहा मिलिग्रॅम देताच ते बरे झाले. दहाची तिप्पट करून ब्रिटिशांनी ३० हा आकडा पुष्कळ वर्षे चालवला, तर त्याच काळात अमेरिकनांचा तक्ता बहुतेक वर्षे त्याच्या दुपटीने वा अधिक होता. इंग्रजाने रोग टाळला म्हणजे भागले असे मानले आणि अमेरिकनाने देहाचे भांडार भरलेले असावे असे मानले. दोघांचीही हाडे एकाच चुन्याची.

स्वातंत्र्यानंतर कुन्नूरची संस्था १९५८ साली हैदराबादेस हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. दख्खनच्या पठारावर येताच तिच्या दारी जो रोगी आला तो आपल्या परिचयाचा, ज्वारीची भाकरी खाणारा गरीब शेतमजूर होता, आणि त्याला जडलेला पेलाग्रा हा रोग, ज्यात उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे पडतात, नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा समजला जाई. परंतु संस्थेचाच कोष्टकसंग्रह उघडला तर ज्वारीत नायसिन सडीक तांदळाहून कमी नाही, अधिकच आहे. मग हा रोग भात खाणाऱ्याला न होता भाकरी खाणाऱ्याला का व्हावा? सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली असे प्रतिपादन केले की ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल अतिरिक्त असल्यामुळे शरीरात नायसिनच्या निर्मितीला व उपयोगाला बाध येतो. या उपपत्तीवर पुढे बरेच वाद झाले व ती सर्वमान्य झाली नाही. तथापि पदार्थातले प्रमाण आणि देहाच्या पदरात पडणारे प्रमाण या दोन भिन्न बाबी आहेत, हे कोष्टके करणाऱ्यांनी त्यातून पक्के ध्यानात घेतले. भारतीय तक्त्यात क जीवनसत्त्व कित्येक वर्षे ४० मिलिग्रॅम होते ते असेच: गरज वीसची धरून, निम्मे फोडणीत आणि उकळीत नष्ट होते असे गृहीत धरून. आपला स्वयंपाक या तक्त्यात अशा रीतीने वजाबाकीच्या रकमेत जमेस धरला गेला आहे.

सरासरीवरून झालेला सर्वांत कडाक्याचा वाद पुण्यात झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यास येऊन स्थिरावले. तेथेच गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी २,२५० उष्मांकांची रेषा मारून देशातील दारिद्र्य मोजले होते. सुखात्म्यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, देह काही मर्यादेत आपला हिशेब आपण जुळवून घेतो, म्हणून सरासरीखाली असणारा प्रत्येक जण उपाशी धरणे हा गणिताचा अपराध आहे. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे. दांडेकरांनी त्यावर सडेतोड हरकत घेतली, की अशा हिशेबाने कागदावरची भूक कमी होते, पोटातली नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो, पण माझा कल दांडेकरांकडे आहे: देह तडजोड करून घेतो हे खरे मानले तरी त्या तडजोडीची किंमत काय पडली याची नोंद टेंपलने ठेवली नव्हती आणि सुखात्म्यांच्या समीकरणातही तिला रकाना नाही. हा वाद उष्मांकांचा असला तरी जीवनसत्त्वांच्या प्रत्येक आकड्याला तो जसाच्या तसा लागू पडतो.

२०२० साली हैदराबादच्या संस्थेने काढलेल्या नव्या तक्त्यात, परदेशांत आधीच रूढ झालेल्या रीतीस अनुसरून, एका आकड्याच्या जागी तीन आले. प्रौढ पुरुषाच्या क जीवनसत्त्वाची सरासरी गरज ६५ मिलिग्रॅम, शिफारस ८० आणि वरची मर्यादा २,०००. अ जीवनसत्त्वाचे तेच तीन आकडे ४६०, १,००० आणि ३,००० मायक्रोग्रॅम. एखाद्या तालुक्याचे वा शाळेच्या खिचडीचे पोषण तपासायचे तर पहिला आकडा घ्यावा, एकट्या माणसाने आपल्या ताटाचे नियोजन करताना दुसऱ्याकडे पाहावे, आणि गोळ्यांच्या बाटल्या रिकाम्या करणाऱ्याने तिसरा विसरू नये, अशी त्यांची वाटणी आहे. जाहिरातींत आणि वेष्टनांवर मात्र दुसराच तेवढा छापतात. वाढावा ज्यात मिळवलेला आहे, तो.